वस्तीपर्यंत इंटरनेट आणि डिजिटल कौशल्ये: नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न इंदोरा, टिमकी, मोमिनपुरा अशा शहरी वस्त्यांमधून आणि रामटेक, पारशिवनी, कुही या तालुक्यांतून आलेले आहेत. काही शिकणाऱ्यांचे आहेत, काही त्यांच्या घरच्यांचे, तर काही वर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांचे. सुरुवातीला नव्याने शिकणाऱ्यांच्या शंका आहेत आणि पुढे अधिक गुंतागुंतीच्या अडचणी.

१. मला व्हॉट्सॲप आणि यूट्यूब चालवता येते. मग आणखी शिकायचे काय?

व्हिडिओ पाहता येणे, आवाजी संदेश पाठवता येणे ही चांगली सुरुवात आहे आणि तिला कमी लेखू नये. मात्र ज्या कामांसाठी आज अनेकांना दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते, ती कामे वेगळी आहेत. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरणे आणि तो कुठे अडकला आहे हे पाहणे, सरकारी कागदपत्रे ठेवणाऱ्या डिजिलॉकरमधून गुणपत्रिका काढणे, असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रमवर नोंदणी करणे, शेत असल्यास ई-पीक पाहणी (ॲपवर पिकाची नोंद) करणे, खात्यात पैसे आले की नाही हे तपासणे आणि आलेला संदेश खरा की खोटा हे ओळखणे, ही ती कामे होत. ती स्वतःच्या हाताने आणि कोणालाही पिन न सांगता करता आली, की आम्ही त्या व्यक्तीला शिकलेली समजतो.

२. घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. मी कशी शिकू?

हा प्रश्न जवळजवळ नेहमी बायांकडूनच येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे देशातील प्रमाण ३३.३ टक्के आढळले, तर पुरुषांचे ५७.१ टक्के. हा फरक एकेका घरात कसा दिसतो, ते २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पटवणे) सुरू झाल्यावर उघड झाले. धरमपेठेत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंच्या आधारला थोरल्या मुलाचा नंबर जोडलेला होता आणि मुलगा बुटीबोरीत पाळीवर होता. फोन बंद ठेवून काम करणाऱ्या मुलाने जेवणाच्या सुट्टीत ओटीपी पाहून सांगेपर्यंत त्याची मुदत संपलेली असे. शिवाय पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी लागत असल्याने दोन माणसे दोन ठिकाणी एकाच वेळी फोनवर मिळणे भाग होते.

म्हणून आमचा सल्ला असा की स्मार्टफोन नंतर आला तरी चालेल, पण स्वतःच्या नावाचे सिम आधी घ्यावे आणि तोच नंबर आधारला व बँकेला जोडावा. सिम साध्या फोनमध्ये घातले तरी ओटीपी येतो. सरावासाठी वर्गात दोन-तीन फोन ठेवता येतात, परंतु दुसऱ्याच्या नावाच्या सिमवर स्वतःचे खाते चालवणे धोक्याचे आहे, कारण सिम बंद करण्याचा किंवा बदलून घेण्याचा अधिकार ज्याच्या नावावर ते आहे त्याचाच असतो. आपल्या नावावर किती सिम आहेत हे संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. एका व्यक्तीच्या नावावर कमाल नऊ सिम असू शकतात, आणि अठरा वर्षांखालील मुलांना स्वतःच्या नावावर सिम मिळत नाही.

३. मला लिहिता-वाचता येत नाही. मी शिकू शकेन का?

होय. आकडे ओळखता येत असतील तर सुरुवात होते, आणि बाजारहाट करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ते येतातच. फोनची भाषा मराठी करावी, कळफलकावरचा माइक दाबून बोलायला शिकावे, आणि पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी सोय चालू करावी. आपली बोली मात्र यंत्राला नेहमी समजत नाही. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ म्हटले की ते अडखळते, आणि त्यामुळे शिकणारी व्यक्ती स्वतःलाच दोष देऊ लागते. तेव्हा शिकवणाऱ्याने स्पष्ट सांगावे की उणीव यंत्रात आहे. मोमिनपुऱ्यातील अनेकांना हिंदी किंवा उर्दू सोपी जाते. देवलापारकडील गोंड कुटुंबांत वडीलधाऱ्यांशी गोंडीतून बोलणारा एखादा तरुण बरोबर असला, तर वर्ग लवकर मोकळा होतो.

४. वर्ग कुठे आणि कोणत्या वेळी घ्यावा?

वर्ग बंद पडण्यामागे शिकवणाऱ्याच्या ज्ञानापेक्षा वेळेची चूक अधिक वेळा कारणीभूत असते. घरकाम करणाऱ्या बाया सकाळची कामे आटोपून दुपारी दोनच्या सुमारास परततात आणि चार-साडेचारला पुन्हा निघतात, म्हणून त्यांचा वर्ग या मधल्या वेळेतच बसतो. रिक्षाचालक आणि बांधकाम मजूर रात्री आठनंतर येतात. कळमना बाजारातील हमाल बाजार बंद असतानाच मोकळे असतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या आसपास गेल्यावर टिनाच्या छपराखाली दुपारी माणूस बसू शकत नाही आणि राउटरही तापून बंद पडतो. त्या दोन महिन्यांसाठी पक्क्या छताची जागा शोधावी किंवा वर्ग संध्याकाळी न्यावा.

जागेसाठी बहुतेक वस्त्यांत बुद्धविहार, समाजभवन, अंगणवाडी किंवा महानगरपालिकेची शाळा उपलब्ध होऊ शकते. अनेक विहारांत आधीपासून अभ्यासिका चालते, त्यामुळे तिथे टेबल, वीज आणि अभ्यासाची सवय या तिन्ही गोष्टी तयार मिळतात.

५. विहारात वर्ग घेतला तर इतर समाजाचे लोक येतील का?

काही येतील, काही येणार नाहीत, आणि जे येणार नाहीत ते कारणही सांगणार नाहीत. जागा कोणाची आहे हे लोक शिकवणारा कोण आहे याच्याही आधी पाहतात. विहार, मशिदीलगतचे सभागृह किंवा मंदिराचा सभामंडप यांपैकी कोणतीही जागा घेतली, तरी शेजारच्या गल्लीतील कोणीतरी नकळत बाहेर राहते. दोन समाज शेजारी राहत असतील तर अंगणवाडी किंवा शाळा घेणे श्रेयस्कर. ते शक्य नसेल तर आठवड्याचे वार वाटून दोन ठिकाणी वर्ग घ्यावा. वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या भटक्या-विमुक्त कुटुंबांना वर्गाचे निमंत्रण पत्रकावरून पोहोचत नाही. त्यांच्याकडे स्वतः जाऊन, बसून, त्यांच्या वेळेनुसार बोलावे लागते, आणि हे काम टाळले की वर्ग त्याच वस्तीतील तुलनेने सुस्थित लोकांचा होऊन जातो.

६. किती दिवसांत शिकून होते? प्रमाणपत्र मिळते का?

प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात (२०१७) प्रशिक्षणाचा कालावधी २० तासांचा होता. ते १४ ते ६० वयोगटातील, कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आणि केवळ ग्रामीण भागापुरते होते, त्यामुळे शहरातील वस्त्या त्यात कधीच नव्हत्या. हे अभियान ३१ मार्च २०२४ रोजी संपले. त्याच्या नावाने आज कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. नोकरीसाठी प्रमाणपत्र हवे असल्यास एमएस-सीआयटी हा राज्यात २००१ पासून चालू असलेला अभ्यासक्रम उपयोगी आहे, परंतु तो संगणकावरचा आहे आणि त्याला शुल्क आहे.

२० तासांत फोनची ओळख होते. सवय व्हायला त्यानंतरचे दोन-तीन महिने लागतात, आणि त्या काळात अडले की विचारायला कोणीतरी जवळपास असणे हे प्रमाणपत्रापेक्षा मोलाचे आहे.

७. आमच्या गल्लीत एकच ब्रॉडबँड जोडणी घेऊन सगळ्यांना पासवर्ड दिला आणि वर्गणी काढली तर चालेल का?

पाहुण्याला पासवर्ड देणे वेगळे आणि घरगुती जोडणी पैसे घेऊन इतरांना विकणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला घरगुती जोडणीच्या अटी परवानगी देत नाहीत, शिवाय त्या जोडणीवरून कोणी गैरप्रकार केला तर चौकशी ग्राहकाकडेच येते. यासाठी कायदेशीर मार्ग आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकान, चहाची टपरी किंवा बचत गटही सार्वजनिक वायफाय केंद्र चालवू शकतो. त्यासाठी परवाना लागत नाही आणि नोंदणी शुल्कही नाही. वापरणारा ॲपमधून आपली ओळख पटवून लहान रकमेचा पॅक घेतो आणि हिशेब ठेवण्याचे काम या केंद्रांना जोडणारी नोंदणीकृत संस्था करते.

पूर्वी अशा केंद्रांकडून महागड्या व्यावसायिक जोडणीचे पैसे मागितले जात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२५ मध्ये यावर मर्यादा घातली असून २०० एमबीपीएसपर्यंत वेगाच्या घरगुती प्लॅनच्या दुपटीहून अधिक दर त्यांना लावता येत नाही. आमच्या मते बचत गटाने चालवलेले केंद्र सर्वांत टिकाऊ ठरते, कारण वसुलीची शिस्त त्या बायांना आधीपासून असते.

८. ग्रामपंचायतीत फायबर आले आहे म्हणतात, पण गावात कोणालाच इंटरनेट मिळत नाही. काय करावे?

ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकल्पाचा उद्देश देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचा होता. तार पंचायतीच्या भिंतीपर्यंत येते, आणि तिथून पुढे घरापर्यंत किंवा शाळेपर्यंत नेणे हे वेगळे काम उरते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात ग्रामपंचायतीपलीकडच्या गावांना मागणीनुसार जोडण्याची तरतूद आहे, म्हणून मागणी लेखी नोंदवणे महत्त्वाचे ठरते.

ग्रामसभेत चार गोष्टी विचाराव्यात आणि त्यांची इतिवृत्तात नोंद करून घ्यावी: पंचायतीतील फायबरचे यंत्र चालू आहे का, त्याचे वीजबिल कोण भरते, खोलीची किल्ली कोणाकडे असते, आणि बिघाड झाल्यास तक्रार कोणाकडे करायची. फायबर तुटण्याइतकीच यंत्र बंद कुलपात राहण्याची अडचणही मोठी असते. आपल्याच जिल्ह्यातील सातनवरी येथे २०२५ मध्ये गावाच्या सेवा इंटरनेटवर आणण्याचा प्रयोग सुरू झाला. तो पाहायला आपल्या सरपंचांना जरूर घेऊन जावे.

९. कार्यालयातील जुने संगणक द्यायचे आहेत. उपयोग होईल का?

चार जीबी मेमरी असेल आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (अधिक वेगवान डिस्क) बसवली तर नक्की होईल. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला सुरक्षा सुधारणा मिळणे थांबले आहे, त्यामुळे अशा संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालणे हिताचे आहे. लेखन व हिशेबासाठीचे लिब्रेऑफिस त्यावर विनामूल्य मिळते आणि त्याचा चेहरा मराठीत करता येतो. देण्यापूर्वी डिस्क पूर्ण पुसावी. बंद पडलेले संगणक कृपया देऊ नयेत, कारण त्यांची विल्हेवाट लावण्याचा खर्च वस्तीवर येतो.

१०. दर महिन्याचा रिचार्ज परवडत नाही. नंबर बंद झाला तर काय होते?

नंबर बंद होण्याचे परिणाम रिचार्जच्या रकमेपेक्षा फार मोठे आहेत. बँक, आधार, गॅस, शिष्यवृत्ती या सर्वांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, आणि काही काळाने कंपनी तो नंबर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. नियामकाच्या नियमांनुसार ९० दिवस काहीही वापर झाला नाही तर नंबर बंद केला जाऊ शकतो. खात्यात २० रुपये शिल्लक असल्यास ते कापून मुदत वाढते. ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी केवळ कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे कंपन्यांना डिसेंबर २०२४ च्या नियमदुरुस्तीने बंधनकारक झाले आहे. असे पॅक दुकानदार आपणहून सांगत नाही, विचारावे लागतात. नंबर गेलाच असेल तर आधी बँकेत जाऊन जुना नंबर काढून टाकावा, मग आधार केंद्रात नवा जोडावा आणि पावती जपून ठेवावी.

११. आधार बँकेला जोडले आहे, तरी योजनेचे पैसे आले नाहीत. असे का?

बँक खात्याला आधार क्रमांक नोंदलेला असणे आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी ते खाते निवडलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका वेळी आधारशी एकच खाते या दुसऱ्या अर्थाने जोडलेले राहते, आणि सर्वांत शेवटी जिथे संमती दिली त्याच खात्यात पैसे जातात. बऱ्याचदा एखाद्या शिबिरात घाईने उघडलेले आणि विसरलेले खाते हेच ते असते. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन केले की त्या बँकेचे नाव दिसते. पैसे कुठे ‘हरवले’ याचा शोध नेहमी इथूनच सुरू करावा.

१२. आईच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. दुकानदार तिला तीन-चार वेळा बोट लावायला सांगतो. हे बरोबर आहे का?

भांडी घासणे, विटा वाहणे, चुना-सिमेंटमध्ये काम करणे यांमुळे ठसे खरोखरच झिजतात, म्हणून पुन्हा बोट लावावे लागणे यात नेहमीच लबाडी असते असे नाही. पण लबाडी होतेही, आणि ती याच क्षणी होते. आधारवर आधारित पैसे काढण्याच्या पद्धतीत ओटीपी किंवा पिन लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि ठसा एवढ्यावर व्यवहार पूर्ण होतो. ‘लागला नाही, पुन्हा लावा’ असे म्हणत पहिला व्यवहार पूर्ण झालेला असू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी, व्यवहार फसला तरीही, पावती मागावी आणि पासबुक भरून घ्यावे. ही पद्धत वापरायचीच नसेल तर एम-आधार ॲपमधून ठसे कुलूपबंद करता येतात आणि गरजेपुरते उघडता येतात. मदतीसाठी १९४७ हा क्रमांक आहे.

१३. साध्या बटणाच्या फोनवरून पैसे पाठवता येतात का?

येतात. इंटरनेट नसताना *९९# लावून मराठीतही व्यवहार करता येतो. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेल्या यूपीआय १२३पे मध्ये फोन लावून आवाजी सूचनांप्रमाणे आकडे दाबता येतात. डेबिट कार्ड नसेल तर आधारच्या ओटीपीवरूनही यूपीआयचा पिन ठरवता येतो.

१४. ओटीपी मीच सांगितला आणि पैसे गेले. आता परत मिळतील का?

लाज बाळगून गप्प बसू नका. ताबडतोब सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्यापूर्वी थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. त्याच वेळी बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीही बोजा येत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे असते, मात्र कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे चूक झाली असली तरी लवकर कळवण्याने फरक पडतोच.

पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली, ‘चलन’, ‘पीएम किसान’ किंवा लग्नपत्रिका अशा नावाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) उघडू नये. पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर धमकावले जाते, पण ‘डिजिटल अटक’ असा कोणताही प्रकार कायद्यात नाही.

१५. मी वर्ग घेते. ताई म्हणतात, ‘पोरी, तूच भरून दे, माझा पिन लिहून ठेव.’ नाही म्हणणे जड जाते. काय करू?

आमच्या मते या संपूर्ण कामातील सर्वांत अवघड जागा हीच आहे. फॉर्म भरून देणे हे प्रेमाचे काम वाटते, आणि मुदतीचा शेवटचा दिवस असेल तर ते करावेही. पण दर वेळी तसेच केले, तर ताई ज्या केंद्रचालकावर आधी अवलंबून होत्या त्याच्या जागी आता तुम्ही आलात, एवढाच बदल होतो. म्हणून वर्गाचा एकच कडक नियम असावा: फोन शिकणाऱ्याच्या हातातून घ्यायचा नाही. बोटाने दाखवावे, तोंडाने सांगावे आणि थांबावे. चुकीचे बटण दाबले गेले तरी हात पुढे नेऊ नये, कारण मागे कसे यायचे हे तेव्हाच शिकले जाते.

पिन आणि पासवर्ड तुमच्या वहीत कधीही लिहू नयेत. उद्या खात्यातून काही गेले तर संशय तुमच्यावर येईल आणि वर्गावरचा विश्वास उडेल. विसरण्याची भीती असेल तर ताईंनी स्वतः घरी, आपल्याला समजेल अशा खुणेने लिहून ठेवावे. पिन टाकताना तुम्ही मान दुसरीकडे वळवावी. ताई ते पाहतात, आणि पुढे दुकानदारासमोर उभ्या असताना पडद्यावर हात धरायला आपोआप शिकतात.

१६. डोळ्यांनी दिसत नाही अशा व्यक्तीला ई-केवायसीत पापण्या मिटून दाखवायला सांगतात. यावर उपाय आहे का?

आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवा मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ई-केवायसी सर्वांना करता येईल अशी करण्यासाठी वीस निर्देश दिले. बँकेने नकार दिल्यास या निकालाचा आणि दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ चा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा. शिकण्यासाठी अँड्रॉइड फोनमधील टॉकबॅक आणि संगणकावरील एनव्हीडीए ही पडदा वाचून दाखवणारी दोन्ही साधने विनामूल्य आहेत.

१७. कार्यालयात ‘सगळे ऑनलाइन आहे, इथे येऊ नका’ म्हणून परत पाठवतात. आम्ही कुठे जावे?

आधी आपले सरकार सेवा केंद्रात जाऊन अर्ज करावा. दरफलक पाहूनच पैसे द्यावेत आणि अर्जाचा क्रमांक असलेली पोचपावती घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित झालेल्या दाखल्यांना ठरलेली मुदत आहे आणि ती त्या पोचपावतीपासून मोजली जाते. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला गेला, तर ३० दिवसांत त्याच विभागातील प्रथम अपील अधिकाऱ्याकडे अपील करावे. त्यानंतर दुसरे अपील करता येते आणि तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे. नागपूर विभागासाठी आयोगाचे आयुक्त स्वतंत्र आहेत. कारण नसताना विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तोंडी नकार मिळाला असेल, तर त्या दिवसाची तारीख, खिडकी आणि सांगितलेले कारण लिहून तो कागद आवक विभागात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा.